रुग्णसेवेतील स्वच्छ हात : इतिहासाची एक नोंद



नमाजापूर्वी वजू करताना आपण पहिल्याप्रथम काय करतो? दोन्ही हात मनगटापर्यंत तीन वेळा धुतो. तोंडावर पाणी घ्यावयाचे ते त्यानंतर. झोपेतून उठलेल्याने हात धुतल्याशिवाय पाण्याच्या भांड्यात घालू नये, कारण रात्री आपला हात कोठे होता हे त्याला ठाऊक नसते, अशी हजरत पैगंबरांची (स.) शिकवण हदीसमध्ये आहे. माणसाने स्वतःच्या हाताचीदेखील पुरती खात्री बाळगू नये, हा तिच्यातील अर्थ मला फार मोलाचा वाटतो. युरोपातील नामवंत डॉक्टरांना हीच गोष्ट पटावयास एकोणिसावे शतक उलटत आले होते.

व्हिएन्ना शहरातील मोठ्या इस्पितळात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एक डॉक्टर व वैद्यकीय विद्यार्थ्यांकडे, दुसरा सुइणींकडे. १८४६ साली डॉक्टरांच्या विभागात शंभरांमागे अकराहून अधिक बाळंतिणी दगावल्या. सुइणींच्या विभागात तीनही नाहीत. पहिल्या विभागात घालू नका म्हणून गरीब बाया अक्षरशः गयावया करीत. तेथील तरुण डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस यांच्या ध्यानात आले की, विद्यार्थी प्रेतांची चिरफाड करून तसेच बाळंतिणींकडे येतात. मे १८४७ पासून त्यांनी प्रत्येकाला क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुणे सक्तीचे केले. पुढच्याच वर्षी मृत्यूचे प्रमाण शेकडा सव्वाच्या आसपास आले. एवढे होऊनही वरिष्ठांना ते मानवले नाही. आपल्याच हातांनी रोगी मरतात हे कोण कबूल करणार? सेमेलवाइस यांना व्हिएन्ना सोडावे लागले आणि १८६५ साली वेड्यांच्या इस्पितळात त्यांचा अंत झाला. त्यानंतर दोनच वर्षांनी जोसेफ लिस्टर यांनी कार्बोलिक ॲसिडने जखमा जंतूंपासून राखण्याची पद्धत प्रसिद्ध केली.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पाहता पाहता पुण्यापर्यंत पोहोचला. आपल्या शिरवळजवळच्या नायगावची कन्या सावित्रीबाई फुले पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करीत होत्या. त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. (प्लेग मुख्यतः उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो, तेव्हा केवळ हात धुण्याने त्या वाचल्या असत्या असे मला सुचवावयाचे नाही.) त्याच वर्षी १० जानेवारीला मुंबईत डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी स्वतः तयार केलेली प्लेगची लस प्रथम स्वतःच्याच अंगात टोचून घेतली होती. लोक लसीला भीत. अशा वेळी अवघ्या एकोणीस-वीस वर्षांच्या आगाखान तिसरे यांनी चारचौघांसमोर लस टोचून घेतली आणि आपली खुश्रू लॉज ही वास्तू काही काळ हाफकिन यांच्या प्रयोगशाळेसाठी दिली. ज्यू शास्त्रज्ञ आणि मुसलमान पुढारी यांचे हे सहकार्य आपल्या मुलांना मुद्दाम सांगण्याजोगे आहे. १८९९ मध्ये ही प्रयोगशाळा परळला गेली. तीच आजची हाफकिन संस्था.

येथून देशभर लस जाऊ लागली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल या गावी (ते आज पाकिस्तानात आहे) १०७ माणसांना लस टोचण्यात आली. त्यापैकी ५३-एन क्रमांकाच्या एकाच बाटलीतून लस घेतलेल्या १९ जणांना आठवडाभराने धनुर्वात झाला आणि ते सर्व दगावले. इतर बाटल्यांतील लस घेतलेल्यांना काहीही झाले नाही.

चौकशी झाली. लस परळलाच दूषित झाली, असा ठपका आला. हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले. परंतु बाटली उघडताना काय घडले होते? बूच काढण्याचा चिमटा मदतनीस कंपाउंडरच्या हातून जमिनीवर पडला होता. त्याने तो उचलला, कार्बोलिकच्या पाण्यात खळबळला आणि त्यानेच बूच ओढले. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. त्यांचे बीजाणू इतके चिवट की औषधी पाण्यात क्षणभर बुडविल्याने मरत नाहीत. शिवाय बाटली उघडताच डॉक्टरांनी वास घेतला होता आणि तो वावगा नव्हता. लस परळलाच दूषित झाली असती, तर एवढ्या दिवसांत तिला दुर्गंधी सुटली असती. या बाबी कागदावर असूनही त्यांना वजन द्यावयास पाच वर्षे लागली. १९०७ साली रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मधून आवाज उठविला, तेव्हा कोठे हाफकिन दोषमुक्त झाले.

तो कंपाउंडर निष्काळजी होता असे म्हणणे सोपे आहे. माझ्या मते तसे नव्हते. त्याने चिमटा धुतला होता. पुरता धुतला नव्हता एवढेच. लोकांना वाचवावयास आलेल्या माणसाला आपल्या हातून अपाय होईल असे सहसा वाटतच नाही, आणि धोका नेमका तेथेच असतो.

आज इस्पितळांत निर्जंतुक द्रवाची बाटली खाटेशी टांगलेली असते. तो द्रव हाताला सर्व बाजूंनी लावून वीस-तीस सेकंद चोळला तर पुष्कळसे जंतू मरतात. मात्र बीजाणू त्यानेही मरत नाहीत. शिवाय मळलेल्या हाताला साबण व वाहते पाणीच हवे, कारण साबण जंतूंना मारण्यापेक्षा त्यांना कातडीवरून सोडवून वाहून नेतो. नखांच्या कडा, बोटांच्या बेचक्या आणि अंगठीखालची जागा हमखास सुटते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली रुग्णसेवेत हात स्वच्छ करण्याच्या पाच वेळा ठरवून दिल्या : रोग्याला स्पर्श करण्यापूर्वी, निर्जंतुक काम करण्यापूर्वी, रक्त किंवा शरीरातील स्राव लागल्याचा संभव असल्यास, रोग्याला हात लावल्यानंतर आणि त्याच्या खाटेला वा वस्तूंना हात लावल्यानंतरही. आपल्या ज्या मुली नर्सिंगला जातात, त्यांच्याकडून हे पाठ करून घेतले जाते.

परंतु बाळंतिणीच्या खोलीत दाटीवाटीने शिरणाऱ्या आपणा नातेवाइकांचे काय? एस.टी.तून उतरून, नोटा मोजून, चपला हातात घेऊन आपण थेट बाळाच्या गालाला हात लावतो. सिस्टरने टोकले तर राग मानतो. सिस्टर दुसऱ्या खाटेवरून तशीच आपल्या रोग्याकडे आली, तर ‘बाई, हात धुतलेत का?’ असे विचारावयास मात्र संकोचतो. विचारावे, नम्रपणे विचारावे. आणि नवजात बाळाच्या कानात अजान देण्यासाठी त्याला जवळ घेणाऱ्या आजोबांना सुनेने साबण आणि पाण्याचा तांब्या आधी पुढे करावा. वजू करून आलो असे ते म्हणाले, तरी वाटेत इस्पितळाच्या दाराची कडी त्यांनीच काढलेली असते.