स्किर्मिऑन सूक्ष्मतरंग शोधक

चुंबकी थरातील भोवऱ्यासारख्या सूक्ष्म रचनेच्या (स्किर्मिऑनच्या) साहाय्याने सूक्ष्मतरंगांचे एकदिश विद्युत् दाबात रूपांतर करणारी स्पिनट्रॉनिक (इलेक्ट्रॉनच्या फिरकीवर आधारलेली) प्रयुक्ती. स्किर्मिऑनच्या केंद्रातील चुंबकन बाहेरच्या चुंबकनाच्या नेमके उलट असते आणि दोहोंमध्ये ते क्रमाक्रमाने वळत जाते. हे नाव ब्रिटिश भौतिकीविज्ञ टोनी स्कर्म यांच्यावरून आले. त्यांची मूळ कल्पना अणुकेंद्रातील कणांविषयी होती. चुंबकी स्किर्मिऑन २००९ मध्ये मँगॅनीज सिलिसाइडात अतिशीत तापमानाला आढळले. २०१६ पर्यंत कोबाल्टच्या पातळ थरांत ते कोठीच्या तापमानालाही टिकवता आले आणि उपकरणांचा विचार त्यानंतरच खऱ्या अर्थाने व्यवहार्य झाला.

शोधकाचा पाया मात्र स्किर्मिऑनच्या आधीचा आहे. अश्विन तुळापूरकर (आज पवईच्या आयआयटीत विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक) आणि त्यांचे जपानमधील सहकारी यांनी २००५ मध्ये ‘नेचर’मध्ये स्पिन-टॉर्क डायोड परिणाम मांडला. मॅग्नेशियम ऑक्साइडच्या जेमतेम नॅनोमीटरभर जाडीच्या थराच्या दोन्ही बाजूंना चुंबकी थर असतात. एकाचे चुंबकन स्थिर, दुसऱ्याचे मोकळे. दोन्ही समांतर असता रोध कमी, विरुद्ध असता जास्त. सूक्ष्मतरंगांचा प्रत्यावर्ती प्रवाह मोकळ्या थराला त्याच्या नैसर्गिक वारंवारतेने हलवू लागला की रोधही त्याच तालात वरखाली होतो. प्रवाह एका दिशेला असताना रोध जास्त आणि उलट दिशेला असताना कमी राहिल्याने आवर्तनाच्या दोन अर्धांचे दाब एकमेकांना पुरते रद्द करत नाहीत. उरतो तो एकदिश दाब. इतकी साधी युक्ती इतक्या उशिरा सापडावी याचे नवल वाटते.

इटलीतील मेसिना विद्यापीठाच्या जोवान्नी फिनोकिओ यांच्या गटाने २०१५ मध्ये संगणकीय प्रतिरूपाने दाखवले, की मोकळ्या थरातील स्किर्मिऑन श्वास घेतल्यासारखा फुगू-आकसू लागला तरी हेच घडते. बाहेरून एकदिश प्रवाह न देताही संवेदनक्षमता वॉटला २,००० व्होल्टच्या, म्हणजे एका मायक्रोवॅटला २ मिलिव्होल्टच्या, वर जाऊ शकते असे त्यांचे गणित होते. साध्या स्पिन-टॉर्क डायोडने २०१४ मध्ये प्रत्यक्ष प्रयोगात वॉटला १२,००० व्होल्ट गाठले होते. पण त्यासाठी बाहेरून एकदिश प्रवाह पुरवावा लागला.

बॅटरीविना चालणारे संवेदक हा या शोधकाचा सर्वांत आकर्षक उपयोग. वाणगाव-डहाणू पट्ट्यातल्या मिरचीच्या शेतात मातीची ओल मोजणारी पेटी मोबाइल मनोऱ्याच्या तरंगांवरच वर्षभर चालेल, ही अपेक्षा मात्र फार मोठी आहे: मनोऱ्यापासून लांब पोचणारी शक्ती अत्यल्प असते. जवळच्या प्रक्षेपकाचा इशारा ओळखून झोपलेली पेटी जागी करणे, हे काम त्याला आधी जमेल. त्यातही उन्हाची अडचण आहेच. तापमान बदलले की स्किर्मिऑनचा आकार बदलतो आणि त्याची नैसर्गिक वारंवारता सरकते. त्यामुळे जानेवारीच्या पहाटे अचूक लागणारा शोधक मे महिन्याच्या दुपारी त्याच इशाऱ्याला चुकू शकतो.