इमारत आणि सेवा

गावाजवळ सरकारी दवाखाना आहे का, असे विचारले तर पुष्कळजण 'आहे' म्हणतील. तेथे गेल्यावर उपचार मिळतात का, असे विचारले की उत्तर रेंगाळते. श्रोतेहो, या दोन प्रश्नांमधले अंतर कमी करण्याची धडपड म्हणजेच आपल्या ग्रामीण आरोग्यव्यवस्थेचा इतिहास होय.

१९४३ साली नेमलेल्या भोर समितीने १९४६ मध्ये अहवाल दिला. ऐपत नाही म्हणून कोणी उपचारावाचून राहू नये, हे तिचे सूत्र. निदान ४०,००० वस्तीमागे एक आरोग्य केंद्र असावे, असे तिने सुचविले. पुढे २ ऑक्टोबर १९५२ रोजी समूह विकास योजना सुरू झाली आणि गटागटांत केंद्रे उभी राहू लागली. पण एका गटात शंभरएक गावे! डॉक्टर एक, फार तर दोन. ते पुरणार कोठवर? म्हणूनच मुदलियार समितीने १९६२ च्या सुमारास बजावले, की नवी केंद्रे काढण्याआधी आहेत ती सुधारा.

हा सल्ला कागदावर राहिला, तरी वाट दुसरीकडून सापडली. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने जामखेडला काम आरंभिले. त्यांनी गावातल्याच, बहुधा निरक्षर, बायकांना आरोग्याचे शिक्षण दिले. बाळंतीण आणि तान्हे मूल यांच्यापर्यंत सेवा पोचते ती ओळखीच्या, विश्वासाच्या माणसाकरवी, हे त्यांनी दाखवून दिले.

मोठ्या केंद्रांची कथा वेगळी. ज्यास आपण ग्रामीण रुग्णालय म्हणतो, तेथे ३० खाटा आणि शल्यचिकित्सक, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ व वैद्य असे चार तज्ज्ञ असावेत, असा दंडक आहे. २००७ साली दर्जाची मानकेही ठरली. खाटा आल्या, तज्ज्ञांच्या जागा मात्र अनेक ठिकाणी रिकाम्याच राहिल्या. मग रात्री अडलेल्या बाईला जिल्ह्याच्या गावी धाडण्यावाचून गत्यंतर काय?

त्याच २००७ साली महाराष्ट्रात पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. जनसुनवाईत गावकरी उभे राहून अधिकाऱ्यांना विचारू लागले : औषध बाहेरून का आणावे लागते? डॉक्टर हजर का नसतात? साधेच प्रश्न, पण चारचौघांत विचारले म्हणजे त्यांना उत्तर द्यावे लागते.

समित्यांनी मापे घालून दिली, आणि ती हवीतच. परंतु माप भरते आहे की नाही, हे पाहणारा डोळा गावाचाच असला पाहिजे. रुग्ण कल्याण समितीची बैठक केव्हा असते, एवढे जरी आपण विचारून ठेवले, तरी सुरुवात झाली म्हणायची.