आठवड्याला चार तास : कॅम्पसवरच्या पासवर्ड चोरीची गोष्ट

हा या आठवड्याच्या एपिसोडचा लिखित मजकूर. ऐकता ऐकता बोगद्यात नेट गेलं असेल, तर इथून पुढे वाचा. बोलतानाचे थोडे अडखळणे काढलेत, बाकी तसंच ठेवलंय.

सुरुवात माझ्याच हॉस्टेलपासून करतो. बीटेकचं तिसरं वर्ष, २०१६. वायफाय होतं, म्हणजे कागदावर होतं. लॅपटॉपचा मॅक ॲड्रेस लिहून फॉर्म भरायचा, त्यावर रेक्टरची सही, मग विभागप्रमुखांची सही, आणि आठ-दहा दिवसांनी लॉगिन. रोजचा कोटा १ जीबी. अँड्रॉइड स्टुडिओ डाउनलोड करायला घेतलं की दिवस संपला, आणि ९० टक्क्यांवर लॉगिन पेज परत समोर आलं की पहिल्यापासून. तक्रार करायची तर लॅबमध्ये एक लांबडी वही होती. त्यात मी लिहिलेल्या तक्रारीच्या वर त्याच तक्रारी होत्या, खाली पण त्याच. 'बघतो' यापलीकडे उत्तर नाही.

आणि त्याच लॅबमध्ये एका मॅडमच्या कीबोर्डच्या खाली चिठ्ठी चिकटवलेली होती. स्टाफ लॉगिन. स्टाफला कोटा नव्हता.

पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. आधी साठ वर्षं मागे जाऊ, कारण हे सगळं आपल्या आधी कुणीतरी करून ठेवलंय.

१९५० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत एमआयटीमध्ये आयबीएम ७०४ नावाचं मशीन होतं. एका खोलीभर. विद्यार्थ्याने त्याला हात लावायचा नाही. तुम्ही प्रोग्राम कागदावर लिहायचा, तो पंच मशीनवर कार्डांवर टोचायचा, एका कार्डावर एक ओळ, ८० रकाने. कार्डांचा गठ्ठा खिडकीतून ऑपरेटरला द्यायचा आणि निघून जायचं. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, छापील कागद हातात. त्यावर काय? एक स्वल्पविराम राहिलाय. मग कार्ड बदला, परत रांगेत. आपण आज कोड सेव्ह केला की दोन सेकंदांत लाल रेघ दिसते आणि तरी चिडतो. त्यांची लाल रेघ उद्या दिसायची.

गंमत अशी की त्यात ऑपरेटरची चूक नव्हती. मशीन एकच, प्रचंड महाग, आणि ते क्षणभरही रिकामं बसू नये हा हिशेब. माणसाचा वेळ गेला तरी चालेल, मशीनचा जाता कामा नये. (ऑन-कॉल असताना रात्री तीन वाजता मला हा नियम अजून लागू आहे असं वाटतं, पण ते असो.)

हे बदलायचं ठरवलं ते फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. कल्पना टाइम-शेअरिंगची. मशीन एकच, पण ते प्रत्येकाकडे थोडा थोडा वेळ लक्ष देईल, इतक्या भराभर की प्रत्येकाला वाटेल मशीन माझंच आहे. नोव्हेंबर १९६१ मध्ये त्यांनी हे चालवून दाखवलं. सिस्टिमचं नाव सीटीएसएस. टाइपरायटरसारखं टर्मिनल, त्यावर तुम्ही टाइप करणार, मशीन त्याच कागदावर उत्तर देणार.

आता एका मशीनवर अनेक जण आले, प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या. माझ्या फाइली तू उघडू नयेस म्हणून काय करायचं? कॉर्बाटोंनी सगळ्यात सोपा उपाय केला. प्रत्येकाला एक गुप्त शब्द. पासवर्ड. आपण आज दिवसातून वीस वेळा टाकतो, ती सवय कॉम्प्युटरच्या जगात आली ती अशी, एका युनिव्हर्सिटीच्या सामायिक मशीनमुळे. बँकेमुळे नाही, लष्करामुळे नाही.

आणि लॉगिन आलं की त्याच्या मागोमाग कोटा आलाच. कोण किती वेळ वापरतोय ते आता मोजता येत होतं.

ॲलन शेर नावाचा पीएचडीचा विद्यार्थी होता. त्याला आठवड्याला चार तास मिळायचे. त्याचं काम होतं सिम्युलेशनचं, आणि विषय ऐका: टाइम-शेअरिंग सिस्टिम स्वतः कशी वागते, वापरणारे वाढले की ती किती हळू होते, याचं मोजमाप. म्हणजे मशीन लोकांना किती वाट बघायला लावतं हे मोजायला त्याला मशीन मिळत नव्हतं.

तर १९६२ च्या वसंतात त्याला एक फट सापडली. सीटीएसएसमध्ये सोय होती की कार्डावर अकाउंट नंबर आणि फाइलचं नाव पंच करून दिलं, की ती फाइल छापून ठेवली जायची. सगळ्यांचे पासवर्ड कुठल्या फाइलमध्ये आहेत हे त्याने शोधून काढलं होतं. एका शुक्रवारी रात्री उशिरा त्याने छपाईची विनंती टाकली. शनिवारी सकाळी गेला आणि छापील कागद ठेवायच्या कपाटातून यादी उचलून आणली. एन्क्रिप्शन वगैरे काही नाही, साध्या अक्षरांत सगळ्यांचे पासवर्ड. पुढे त्याचं काम दुसऱ्यांच्या तासांवर चालू राहिलं.

कॉम्प्युटर पासवर्डच्या चोरीची आपल्याला माहीत असलेली ही सगळ्यात जुनी गोष्ट. खंडणी नाही, हेरगिरी नाही. पोराला जास्त वेळ हवा होता.

मला सगळ्यात आवडतो तो पुढचा भाग. एकट्याच्या डोक्यावर पाप नको म्हणून शेरने ती यादी इतरांनाही वाटली. त्यातले एक होते जे. सी. आर. लिकलायडर. हो, तेच, ज्यांच्या कल्पनांमधून पुढे इंटरनेटचा पाया रचला गेला. त्यांनी काय केलं? लॅबचे प्रमुख रॉबर्ट फानो यांच्या अकाउंटमध्ये शिरून टोमणे मारणारे संदेश ठेवायला सुरुवात केली. इतके मोठे लोक, आणि उद्योग अगदी हॉस्टेलच्या थर्ड फ्लोअरचे.

शेरने हे कबूल केलं ते जवळपास पंचवीस वर्षांनी. तोवर तो आयबीएममध्ये मोठा माणूस झाला होता. तुझी पीएचडी परत घेणार नाही, असं कॉर्बाटोंनी त्याला सांगितल्याचं त्याने स्वतः लिहून ठेवलंय.

चोराशिवायही ती फाइल फुटली, हे पण सांगायला हवं. १९६६ मध्ये त्याच सीटीएसएसवर दोन जण एकाच वेळी दोन फाइली दुरुस्त करत होते. एक होती लॉगिन केल्यावर दिसणाऱ्या सूचनेची, दुसरी पासवर्डची. एडिटर तात्पुरत्या फाइलीला एकच नाव द्यायचा. एकाच्या जागी दुसरी गेली, आणि जो लॉगिन करेल त्याच्या कागदावर सूचनेऐवजी सगळ्यांचे पासवर्ड छापून येऊ लागले. तेही शुक्रवारी संध्याकाळी पाचला. शुक्रवारी संध्याकाळी डिप्लॉय करू नका असं आपण म्हणतो ना, त्याला इतकी जुनी परंपरा आहे.

आता दुसरं कॉलेज. न्यू हॅम्पशायरमधलं डार्टमथ. तिथले गणिताचे प्राध्यापक थॉमस कर्ट्झ एकेकाळी कार्डांची पेटी घेऊन ट्रेनने एमआयटीला जायचे, कारण स्वतःच्या कॉलेजात मशीनच नव्हतं. परत यायचं, चूक बघायची, पुढच्या फेरीत सुधारायची. त्यांचे सहकारी जॉन केमेनी, जे तरुणपणी आइन्स्टाइनचे गणितातले सहायक होते, त्यांनी आणि कर्ट्झ यांनी मिळून वेगळाच प्रश्न विचारला. ग्रंथालयात पुस्तक उचलायला आपण मुलांकडून तासाचे पैसे घेतो का? कारण विचारतो का? मग मशीनसाठी का?

१ मे १९६४ ला पहाटे चारच्या सुमारास डार्टमथची टाइम-शेअरिंग सिस्टिम चालली. बेसिक ही भाषा तिच्यासाठीच बनवली होती, शास्त्र न शिकणाऱ्या मुलांनाही जमावी म्हणून. सिस्टिमचा मोठा भाग पदवीच्या विद्यार्थ्यांनी लिहिला होता. आणि विद्यार्थ्यांना वापर फुकट. मुलं तिथे गृहपाठ करायची आणि गेमही खेळायची, आणि ते केमेनींना चालायचं.

इथे मला थांबावंसं वाटतं. दोन्हीकडे अडचण सारखीच होती, मशीन कमी आणि माणसं जास्त. एमआयटीत हिशेब तासांचा होता, डार्टमथमध्ये दार उघडं ठेवून मग रांगेचं काय करायचं ते बघितलं गेलं. माझा कौल डार्टमथला. पण हेही खरं की डार्टमथमध्ये हा निर्णय घेणारी माणसं स्वतः कार्डांची पेटी घेऊन ट्रेनमध्ये बसलेली होती.

आपल्याकडे चित्र अजून टंचाईचं. कानपूरच्या आयआयटीत १९६३ मध्ये आयबीएम १६२० आलं. मुंबईत कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये १९६० पासून स्वतः बांधलेला टिफ्रॅक होता, मग १९६४ मध्ये सीडीसी ३६०० आलं आणि बाहेरच्या संस्थांचीही कामं तिथे येऊ लागली. टपालाने किंवा प्रवासाने आलेला कार्डांचा गठ्ठा, आणि त्यात एक स्वल्पविराम चुकलेला, ही कल्पना करूनच माझ्या पोटात गोळा येतो.

नंतर मशीनं स्वस्त झाली, टंचाई तारेत गेली. मार्च २००७ मध्ये बातमी आली होती की आयआयटी मुंबईने हॉस्टेलमधलं इंटरनेट रात्री अकरा ते दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबारा बंद ठेवायचं ठरवलं. कारण बँडविड्थचं नव्हतं. पोरं रात्रभर गेम खेळतात, सकाळी लेक्चरला येत नाहीत, एकमेकांशी बोलत नाहीत. आधी कोटा मशीनसाठी होता, आता मुलांच्या भल्यासाठी.

बरं. आता ती चिठ्ठी.

मी ती वाचली. पहिल्यांदा वापरली ती इंटर्नशिपच्या ऑनलाइन टेस्टच्या रात्री, कारण माझा कोटा संपला होता आणि टेस्ट मध्येच तुटली असती. इथपर्यंत मला फार वाईट वाटत नाही. पण मग मी ती रूममेटला दिली, त्याने शेजारच्या खोलीत दिली. शेरसारखंच, फक्त आम्हाला शेर माहीत नव्हता. दोन महिन्यांत निम्मा मजला त्या लॉगिनवर होता. महिन्याचा रिपोर्ट निघाला, मॅडमना बोलावणं आलं, आणि लॅबच्या चाव्या ज्यांच्याकडे असायच्या त्या काकांना मेमो मिळाला. आम्ही गप्प बसलो. इंटर्नशिप मिळाली, तिच्यातूनच पुढे नोकरी.

हा एपिसोड लिहिताना काकांना फोन केला. रिटायर झालेत. नाव सांगितल्यावर ओळखलं.

"काका, तो पासवर्ड मी घेतला होता."

"अरे माहीत होतं मला, तुमच्याच मजल्यावरचं कुणीतरी. लॉगमध्ये दिसायचं की."

"मग तुम्ही सांगितलं का नाही?"

"सांगून काय? तुमचं वर्ष गेलं असतं." मग म्हणाले, "एकच लाइन होती रे सगळ्या हॉस्टेलला. दुसरीची फाइल मी तीनदा वर पाठवली. कोटा काय मी लावला होता? पण वहीत शिव्या माझ्या नावाने. तुमच्या गच्चीवरची केबल माकडं तोडायची, ती जोडायला पण मीच चढायचो."

मेमोचं विचारलं. इन्क्रिमेंट सहा महिने अडकलं होतं म्हणाले, मग सुटलं. मी माफी मागितली तर म्हणाले, "माझं सोड. मॅडमना फोन कर. त्या दिवशी लॅबमध्ये बसून रडत होत्या त्या."

नंबर त्यांनीच पाठवलाय व्हॉट्सॲपवर. अजून लावलेला नाही.