काळ्या धाग्याची तक्रार

रंगारीकाकांचे शेवटचे दोन हजार रुपये मी अडवून धरले होते. हॉलसाठी शेड कार्डवरून राखाडी रंग निवडला होता आणि भिंत चक्क निळसर दिसत होती. बेज सोफा, फिकट लाकडी टेबल, मातकट गालिचा; सगळं कशावरही खपेल असं मुद्दाम बघून घेतलेलं. आणि मागे ही निळी भिंत!

"काका, तुमचं मिक्सिंग चुकलंय."

काका भांडले नाहीत. त्यांनी मला सोफ्याचं एक टोक धरायला लावलं. सोफा बेडरूममध्ये गेला, टेबल आणि गालिचा बाल्कनीत. "आता बघा."

भिंत राखाडी होती. सगळं सामान परत आणलं, भिंत पुन्हा निळसर!

त्या रात्री याचं कारण शोधत मी जवळपास दोनशे वर्षं मागे, पॅरिसला पोचलो. गोब्लाँ हा तिथला भिंतीवर टांगायची विणीव चित्रं बनवणारा सरकारी कारखाना. १८२४ मध्ये मिशेल यूजेन शेव्हरल हा रसायनशास्त्रज्ञ तिथल्या रंगाई विभागाचा प्रमुख झाला. चरबी आणि साबणाच्या रसायनशास्त्रात त्याचं आधीच नाव झालं होतं. इथे त्याच्यापुढे एक तक्रार आली: निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या सावल्या विणायला वापरलेला काळा धागा फिका दिसतो. दोष अर्थातच धागा रंगवणाऱ्यांवर.

शेव्हरलने आधी त्यांचं काम तपासलं. इतर नामांकित कारखान्यांतून आलेली काळी लोकर शेजारी ठेवून पाहिली. गोब्लाँचा काळा रंग तसूभरही कमी नव्हता. माझ्या भाषेत सांगायचं तर बग त्या मॉड्यूलमध्ये नव्हताच. शेजारचा निळा-जांभळा रंग काळ्याचा दम काढून घेत होता.

याचा सविस्तर नियम त्याने १८३९ च्या ग्रंथात मांडला. दोन रंग शेजारी आले की डोळा त्यांच्यातला फरक वाढवून दाखवतो. प्रत्येक रंग शेजाऱ्यावर आपल्या विरोधी रंगाची छटा चढवतो. बेजमध्ये पिवळा-नारिंगी दबून बसलेला असतो आणि त्याच्या विरोधी बाजूला निळा. म्हणजे माझं 'न्यूट्रल' फर्निचर नावालाच न्यूट्रल होतं.

त्याच ग्रंथात घराच्या भिंतींचाही विचार आहे. गडद रंग नकोत, ते उजेड गिळतात. लाल आणि जांभळे नकोत, त्यांच्यापुढे माणसांची कांती चांगली दिसत नाही. पिवळा, फिकट हिरवा, फिकट निळा चालतील. भिंत ठरवताना हा माणूस खोलीतलं लाकूडसामान बघत होता आणि तिथे बसणाऱ्यांचे चेहरेसुद्धा.

मग आठवलं, गावच्या घरी दिवाळीआधी सफेदी व्हायची तेव्हा चुन्यात थोडी नीळ टाकायचे. चुन्याचा पिवळटपणा मारायला निळा. कुठला रंग कशावर उतारा, हे ज्ञान आमच्याच अंगणातल्या बादलीत होतं. नीळ ढवळणाऱ्याला ते पक्कं ठाऊक होतं. मी मात्र इंजिनिअरिंगची पदवी घेऊन काकांवर चोरीचा आळ घ्यायचाच काय तो बाकी होतो.

दुसऱ्या दिवशी मी काकांना फोन केला, चूक कबूल केली आणि भिंत पुन्हा करायला सांगितली. या वेळी त्यांनी दोन-तीन राखाडी छटांचे वहीएवढे चौकोन सोफ्यामागेच लावले. सकाळी, दुपारी आणि रात्री दिवा लावून आम्ही ते पाहिले. किंचित पिवळ्याकडे झुकणारा राखाडी ठरला. दुकानातल्या कार्डवर तो मळकट वाटला होता. सोफ्यामागे तो निव्वळ राखाडी दिसतो.

मागचे दोन हजार आणि नवी मजुरी काकांनी मोजून खिशात ठेवली. जाताना म्हणाले, "पुढच्या वेळी कार्ड दुकानात बघू नका. घरी आणून सोफ्यावर ठेवून बघा."