मोटारसायकलीचा दिवा

बालाघाटहून बैहरकडे जाणारा रस्ता घाटात शिरला की एकीकडे अरण्य आणि एकीकडे वळण. तेथे रात्री मोटारसायकलस्वाराची सारी भिस्त पुढच्या दिव्यावर. आणि हा दिवा फार काळ दुबळाच होता.

आरंभीचा दिवा कार्बाइडचा. कार्बाइडवर थेंबथेंब पाणी पडे, ॲसिटिलीन वायू निघे आणि तो आरशापुढे जळे. मग वीज आली. परंतु सहा व्होल्टच्या कित्येक गाड्यांत इंजिन मंदावले की उजेडही मंदावे. म्हणजे नेमका वळणावरच! शिवाय टंगस्टनच्या तारेचे कण उडून काचेवर बसत आणि बल्ब काळवंडे. १९५९ मध्ये अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिकच्या संशोधकांनी बल्बमध्ये आयोडीन घालून उडालेले टंगस्टन पुन्हा तारेकडे परतविले. हॅलोजन दिवा तो हाच. १९७१ च्या सुमारास दोन तारांचा 'एच-फोर' आला : लांबच्या झोतास ६० वॅट, जवळच्यास ५५.

आता ६० च्या जागी १०० वॅट बसविण्याचा मोह होतो. पण बारा व्होल्टवर ५ अँपिअरऐवजी ८ हून अधिक वाहू लागतात. वायर तापते, आरसा करपतो. खरा चोर बहुधा वेगळाच असतो. गंजलेल्या जोडांत दीड व्होल्ट गळाला, तर उजेड सुमारे एक-तृतीयांशाने घटतो. जोड घासावेत, रिले बसवावा. तोच बल्ब उजळतो.

एच-फोरमध्ये जवळच्या तारेखाली धातूची लहानशी वाटी असते. वर उसळणारा प्रकाश ती अडविते, ती समोरून घाट उतरणाऱ्याच्या डोळ्यांसाठी.