रुस्ताक: पाटाची बाग आणि डोंगराचे बेट

पश्चिम हजर पर्वताच्या उत्तर पायथ्याशी, मस्कतपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर रुस्ताक हे ओमानमधील जुने गाव आहे. येथे दोन वनस्पतीसृष्टी एकमेकींना लागून आहेत. खाली खजुराच्या बागा आहेत, त्या माणसाने पाणी आणून वाढवल्या. वर डोंगराचे रान आहे, ते कोणी लावलेले नाही. पहिलीचा इतिहास राज्यकर्त्यांबरोबर लिहिला गेला. दुसरीची नोंद एकोणिसाव्या शतकात सुरू झाली.

खालच्या बागा ‘फलज’वर जगतात. डोंगराच्या पोटातील पाणी खोदलेल्या भुयारातून, केवळ उताराच्या जोरावर, गावापर्यंत येते आणि पुढे उघड्या पाटांनी बागांत शिरते. पाण्याच्या पाळ्या वेळेने मोजतात. दिवसा सावलीवर आणि रात्री ताऱ्यांवर ही मोजणी चाले. धुळे जिल्ह्यातील पांझरेकाठच्या फड पद्धतीप्रमाणे येथेही गावानेच पाणी वाटून घेण्याची शिस्त लावली. ऐन अल-कस्फा या गरम झऱ्याचे पाणीही पाटांनी बागांना जाते. रुस्ताकच्या अल-मुयस्सर फलजचा २००६ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात समावेश झाला. त्या यादीत ओमानचे एकूण पाच फलज आहेत.

पाणी आणि खजूर यांच्या आधारावर येथे सत्ता उभी राहिली. १६२४ मध्ये नासिर बिन मुर्शिद इमाम झाला आणि रुस्ताक यारुबी घराण्याचे पहिले सत्ताकेंद्र बनले. याच घराण्यातील सैफ बिन सुलतानाने फलज बांधले आणि बातिना किनारपट्टीवर खजुराची मोठी लागवड केली. १७११ मध्ये तो रुस्ताकमध्येच वारला. पुढे बुसैदी घराण्याचा संस्थापक अहमद बिन सईद यानेही येथूनच राज्य केले. १७८३ मध्ये त्याचा मृत्यू झाल्यावर काही वर्षांतच सत्ता मस्कतला गेली. बागा राहिल्या. ओमानमध्ये अर्धकच्चा खजूर उकळून वाळवतात. ही खारीक गलबतांतून हिंदुस्थानच्या बाजारात येत असे.

वरचा डोंगर सुमारे ३,००० मीटर उंचीपर्यंत जातो. एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला वाळवंट असल्याने हा गार, थोडा जास्त पावसाचा भाग उष्ण मैदानांनी वेढलेल्या बेटासारखा एकटा पडला. २,१०० मीटरच्या वर जुनिपरची विरळ राने आहेत; त्यांचे नाते इराण आणि मध्य आशियातील डोंगरांशी आहे. त्याखाली रानटी ऑलिव्ह आणि गोड फळांचा ‘बूत’ आढळतो. आणखी खाली, ओढ्यांच्या काठी आणि मैदानात, मराठी वाचकाच्या ओळखीची कुळे भेटतात: बोरीच्या जातीचा ‘सिद्र’, बाभळीच्या कुळातला ‘समर’, शेवग्याचा भाऊबंद ‘शूअ’, आणि ‘गाफ’, म्हणजे आपली शमी. समर आणि सिद्र यांच्या फुलोऱ्यावर रुस्ताकचा प्रसिद्ध मध तयार होतो. त्यासाठी मधमाश्यांना खजुराच्या पोकळ ओंडक्यांत ठेवण्याची जुनी रीत आहे.

या रानाची शास्त्रीय नोंद बाहेरून आलेल्यांनी सुरू केली. १८३५–३६ मध्ये इंडियन नेव्हीचा लेफ्टनंट जेम्स वेलस्टेड याच पर्वताच्या जबल अख्दर भागात फिरला. १८३८ मध्ये फ्रेंच वनस्पतीसंग्राहक ओशे-एलोआ याने ओमानमध्ये नमुने गोळा केले. त्याच वर्षी तो इराणमध्ये वारला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मस्कतच्या ब्रिटिश एजन्सीत डॉ. आत्माराम सदाशिव जयकर शल्यचिकित्सक होते. त्यांनी प्राण्यांचे नमुने लंडनला पाठवले. ओमानच्या डोंगरातील रानशेळी, म्हणजे अरबी ताहर, १८९४ मध्ये ‘जयकरी’ या नावाने शास्त्रात दाखल झाली. एका सरड्याला आणि एका समुद्रघोड्यालाही त्यांचे नाव आहे. १९७५ मध्ये उत्तर ओमानच्या वनस्पती आणि प्राण्यांची सर्वेक्षण मोहीम निघाली. शाहिना गझनफर यांच्या ‘फ्लोरा ऑफ ओमान’चा पहिला खंड २००३ मध्ये प्रसिद्ध झाला.

मस्कतजवळ अल-खूद येथील ओमान बोटॅनिक गार्डन याच कामाची पुढची पायरी आहे. चारशेहून अधिक हेक्टरांच्या या उद्यानात फक्त देशी वनस्पती लावायच्या, असे ठरले. ओमानच्या सुमारे १,४०० जातींसाठी आराखड्यात आठ अधिवास आहेत. उत्तरेच्या पर्वतासाठी आणि दक्षिणेच्या धोफारसाठी काचेच्या दोन प्रचंड वास्तू योजल्या आहेत, कारण किनाऱ्याच्या उष्णतेत जुनिपर तग धरत नाही. रानातून बिया गोळा करून रोपे वाढवणे हे तेथील मुख्य काम. खजूर, आंबा, लिंबू यांच्या जोपासनेचा भार मात्र अजूनही रुस्ताकच्या पाटांवर आणि पाळ्यांवर आहे.