मॉरिशसमधील मराठी कुटुंबांचा वंशशोध : वसाहतकालीन नोंदी आणि मराठी गावे

प्रस्तावना

महाराष्ट्रात कुटुंबाचा इतिहास बहुधा तोंडी परंपरा, कुळाचार आणि तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यायांच्या वह्या यांतून जतन झालेला आहे. गाव, आडनाव, कुलदैवत आणि देवक या चार खुणा ठाऊक असल्या की काही पिढ्या मागे जाणे फारसे कठीण नसते. परंतु समुद्र ओलांडताना ज्या कुटुंबांच्या या खुणा पुसल्या किंवा बदलल्या, त्यांनी आपले मूळ कसे शोधावे, हा प्रश्न मॉरिशस बेटावरील मराठी समाजाच्या संदर्भात प्रकर्षाने उपस्थित होतो. या शोधासाठी कोणती साधने उपलब्ध आहेत, त्यांच्या मर्यादा कोणत्या आणि त्या दूर करण्यात येथील इतिहास अभ्यासकांचा वाटा काय असू शकतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

व्यापारी थांब्यापासून ऊसमळ्यांपर्यंत

हिंदी महासागरातील या बेटावर डच खलाशी १५९८ मध्ये उतरले. १६३८ मध्ये त्यांनी तेथे वसाहत केली आणि १७१० मध्ये ती सोडून दिली. १७१५ मध्ये बेट फ्रेंचांच्या ताब्यात गेले व पोर्ट लुई हे बंदर युरोप आणि भारत यांमधील जहाजांचा महत्त्वाचा थांबा बनले. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले. मात्र शरणागतीच्या अटींनुसार तेथील फ्रेंच कायदे व चालीरीती कायम राहिल्या. वंशशोधाच्या दृष्टीने ही बाब पुढे फार महत्त्वाची ठरली.

मुंबई इलाख्याचा या बेटाशी आलेला संबंध करारबद्ध मजुरीपूर्वीचा आहे. १८१५ पासून बंगाल व मुंबई इलाख्यांतील जन्मठेपेचे कैदी तेथे रस्ते आणि अन्य सार्वजनिक कामांसाठी पाठविले जात होते. १ फेब्रुवारी १८३५ रोजी बेटावरील गुलामगिरी कायद्याने संपुष्टात आली. तत्पूर्वीच, २ नोव्हेंबर १८३४ रोजी, कलकत्त्याहून ‘अ‍ॅटलस’ जहाजातून ३६ मजूर पोर्ट लुईला पोहोचले होते. पुढील सुमारे पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास भारतीय मजूर या बेटावर आले. त्यांत कलकत्ता आणि मद्रास या बंदरांच्या तुलनेत मुंबईचा वाटा लहान होता. मुंबईहून झालेले स्थलांतर मुख्यतः १८४० ते १८६० च्या दशकांत झाले असून रत्नागिरी, सातारा आदी भागांतील माणसे त्यात होती. आजच्या मराठी मॉरिशियन कुटुंबांपैकी अनेकांचे पूर्वज हेच होत.

नोंदवहीतील माणूस

बंदरावर उतरलेल्या प्रत्येक मजुराला, स्त्रियांनाही, एक क्रमांक दिला जाई. क्रमांकाबरोबर नाव, पित्याचे नाव, वय, जात, उंची, अंगावरील खुणा, गाव, परगणा, जिल्हा, जहाज आणि ज्या मळ्यावर नेमणूक झाली तो मळा हा तपशील नोंदला जाई. १८४९ पासून ज्या तळावर हे काम चाले, तो ‘आप्रवासी घाट’ म्हणून ओळखला जातो. २००६ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसास्थळाचा दर्जा दिला. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेल्या या नोंदी २०१५ मध्ये युनेस्कोच्या ‘विश्वस्मृती’ नोंदपटात समाविष्ट झाल्या.

या नोंदींमागे वंशावळ जपण्याचा हेतू नव्हता, हे ध्यानात घेणे आवश्यक आहे. मळा सोडून जाणाऱ्या मजुराला ओळखता व पकडता यावे, हा त्यांचा उद्देश होता. १८६७ च्या कायद्याने कराराची मुदत संपलेल्या मजुरालाही छायाचित्र असलेला परवाना जवळ बाळगणे भाग पडले. परवाना नसल्यास त्याला भटका ठरवून अटक होऊ शकत असे. या जाचाविरुद्ध १८७१ मध्ये अडॉल्फ द प्लेविट्झ यांच्या साहाय्याने मजुरांनी अर्ज केला आणि १८७२ मध्ये चौकशीसाठी शाही आयोग नेमला गेला. आज वंशजांच्या हाती पणजोबांचे एकमेव छायाचित्र म्हणून जे येते, ते मुळात पहाऱ्याचे साधन होते. ज्यांना आपल्या गावी कोणी नोंदले नसते, अशा सामान्य माणसांचे चेहरे या पहाऱ्यामुळेच टिकून राहिले, ही या साधनाची विसंगती होय.

नावांचा प्रश्न

नोंदवहीत मजुराचे स्वतःचे व पित्याचे नाव असे. आडनावाची जागा बहुधा रिकामीच राही. पुढे फ्रेंच नागरी संहितेनुसार जन्म-मृत्यूच्या नोंदी होऊ लागल्या, तेव्हा स्थिर कुलनाम देणे अपरिहार्य झाले आणि मूळ मजुराचे किंवा त्याच्या पित्याचे व्यक्तिनामच आडनाव बनले. उदाहरणार्थ, विठोबाचा मुलगा सखाराम बेटावर आला असेल, तर त्याच्या वंशजांचे आडनाव ‘सखाराम’ होऊ शकते. गावाकडील मूळ आडनाव मात्र कुठेच उरत नाही. त्यात इंग्रजी व फ्रेंच कानांनी ऐकलेल्या उच्चारांची भर पडते. ‘ळ’चा ‘ल’ आणि ‘श’चा ‘स’ होतो. केवळ धार्मिक विधीने झालेला, नागरी नोंदणी नसलेला विवाह कायद्याने ग्राह्य धरला जात नसल्यामुळे एकाच घरातील अपत्यांच्या नोंदींतही एकवाक्यता राहत नाही. म्हणून केवळ आडनावावरून केलेला शोध दिशाभूल करतो. मजुराचा क्रमांक हाच खरा दुवा ठरतो.

गावांचा प्रश्न

क्रमांक सापडला तरी शोध अर्ध्यावरच येतो, कारण पुढे गाव ओळखावे लागते. या अडचणीचे स्वरूप धाराशिव जिल्ह्याच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. १८५३ च्या तहान्वये निजामाने हा प्रदेश इंग्रजांच्या हवाली केला आणि १८६० मध्ये तो त्याला परत मिळाला. मुंबईहून मजूर जात होते, त्याच काळात ही सात वर्षे हा भाग इंग्रजी अंमलाखाली होता. आरंभी मेडोज टेलर हा येथील प्रमुख अधिकारी होता. त्या काळच्या इंग्रजी कागदांत नळदुर्ग आणि धाराशिव ही नावे ‘नुलद्रूग’ व ‘धारासेओ’ अशा रूपांत आढळतात. पुढे मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून ‘उस्मानाबाद’ हे नाव आले. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा निघाला आणि २०२३ मध्ये ‘धाराशिव’ हे नाव अधिकृत झाले. दीडशे वर्षांपूर्वीचा परगणा आजच्या नकाशावर शोधू पाहणाऱ्या परदेशस्थ वंशजाला हे सारे टप्पे ठाऊक असणे संभवत नाही. रत्नागिरी असो वा सातारा, प्रत्येक जिल्ह्यात कमीअधिक प्रमाणात हीच स्थिती आहे.

कुळाचाराचा पुरावा

मॉरिशसच्या मराठी समाजात गोंधळ आणि ‘झाकरी’ या परंपरा टिकून आहेत. गणेशचतुर्थी तेथे सार्वजनिक सुट्टीचा दिवस आहे. ‘झाकरी’चे कोकणातील जाखडीशी असलेले नाते उघड आहे. गोंधळाचा संबंध तुळजाभवानीच्या उपासनेशी येतो. परंतु भवानी ही महाराष्ट्रभरच्या असंख्य कुळांची कुलदेवता असल्याने गोंधळावरून पूर्वज तुळजापूर परिसरातील होते, असा निष्कर्ष काढता येत नाही. कुळाचार शोधाला दिशा देतो, पुरावा मात्र कागदानेच द्यावा लागतो.

समारोप

हा विषय आता केवळ जिज्ञासेचा राहिलेला नाही. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी मॉरिशस भेटीत, भारतीय वंशाच्या सातव्या पिढीपर्यंतच्या मॉरिशियन नागरिकांना परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचे कार्ड मिळण्याची तरतूद जाहीर केली. पूर्वजांची नोंद त्यामुळे प्रत्यक्ष हक्काचा आधार बनली आहे. जुन्या कागदावर हक्क अवलंबून असणे म्हणजे काय, हे मराठवाड्याला वेगळे सांगावयास नको. २०२३ पासून निजामकालीन दप्तरांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची उणीव सर्वांनाच जाणवली.

मॉरिशसच्या नोंदवह्यांनी माणसाचा क्रमांक आणि चेहरा जपला. त्याचे गाव व कुळ ओळखण्याचे ज्ञान मात्र येथे आहे. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी आपापल्या जिल्ह्यातील गावांच्या व परगण्यांच्या जुन्या-नव्या नावांची सूची तयार करावी, तसेच विद्यार्थ्यांना मोडी वाचनाची ओळख करून द्यावी. हे काम मोठ्या निधीवाचूनही होण्याजोगे आहे. मळ्याच्या मालकासाठी लिहिली गेलेली नोंद या ज्ञानाची जोड मिळाल्यावरच वंशजाच्या उपयोगी पडेल.